ट्रॉलीच्या पाठीलाही डोळा हवा

हंगाम सुरू होण्यापूर्वीं आपण शेतकरी आपल्या ट्रॅक्टरची व्यवस्था मोठ्या दक्षतेनें लावतों. इंजिनाचें तेल, टायरांतील हवा, ब्रेक, हुकाची पिन हें सर्व पाहिलें जातें, आणि तें पाहिलेंच पाहिजे. परंतु ट्रॅक्टरमागें जी ट्रॉली चालते तिच्याही मागें कांहीं जग आहे. तेथें माणसें वावरत असतात, मुलें खेळत असतात, रात्रीं मोटारसायकली येत असतात, याचा विचार मात्र कांहीं अनर्थ घडल्यावांचून सहसा होत नाहीं. ट्रॉलीच्या पाठीमागें एक लहानसा कॅमेरा व चालकापुढें त्याचा पडदा बसविण्याची सोय आतां सुलभ झाली आहे. ती करून घेणें हें ट्रॉलीच्या मालकाचें कर्तव्य आहे. आणि करून घेतांना त्या कॅमेऱ्याकडून काय होईल व काय होणार नाहीं हेंही त्यानें नीट समजून घ्यावें, एवढेंच आम्हांस या लेखांत सांगावयाचें आहे.

बैलगाडीच्या काळीं हा प्रश्न एवढ्या तीव्रतेनें उभा राहिला नव्हता. गाडी मागें सारावयाची झाली म्हणजे गाडीवान खालीं उतरे, कासरा धरून बैलांपुढें उभा राही, आणि बैल एकेक पाऊल मागें देत. चाकाआड कांहीं आलें तर गाडी अडे व गाडीवान वळून पाही. ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. चाळीस-पन्नास घोड्यांच्या शक्तीचें तें यंत्र. चाकाखालीं धोंडा आला काय आणि दुसरें कांहीं आलें काय, तें अडत नाहीं. आणि इंजिनाच्या आवाजांत मागून मारलेली हांकही चालकाच्या कानीं पोहोंचत नाहीं. बळ वाढलें, पण त्या मानानें दृष्टि वाढली नाहीं, हें आजच्या वाहतुकीचें खरें व्यंग आहे.

कोणी म्हणेल, आरसे आहेत ना? आरसे अवश्य असावेत. परंतु त्यांतून दिसतें तें ट्रॉलीच्या दोन्ही कडांच्या बाहेरचें. ट्रॉलीच्या लगत पाठीमागें जो तिच्या रुंदीएवढा पट्टा असतो तो आरशांत येत नाहीं. कारण भरलेल्या ट्रॉलीच्या आरपार कोणाचीही दृष्टि जात नाहीं. त्यांतून ऊंस भरला म्हणजे तो साट्याच्या दोन्ही अंगांस बाहेर येतो आणि आरशांत उंसावांचून दुसरें कांहींच उरत नाहीं. ज्यांस हें खोटें वाटत असेल त्यांनीं एक साधा प्रयोग करून पाहावा. ट्रॅक्टर बंद ठेवून चालकास आसनावर बसवावें. भरलेल्या ट्रॉलीच्या पाठीशीं एक रिकामी घागर ठेवावी व दुसऱ्या माणसानें ती एकेक पाऊल मागें नेत जावी. चालकास घागर प्रथम जेथें दिसेल तेथें फक्कीची रेघ ओढावी. ट्रॉलीपासून त्या रेघेपर्यंतची सर्व भूमि ही आपल्या वाहनाची आंधळी जागा होय. घागर ही बसलेल्या तान्ह्या मुलाहून फारशी उंच नसते, एवढें लक्षांत ठेवून मग ती रेघ पाहावी. अधिक युक्तिवादाची गरज पडणार नाहीं.

ही आंधळी जागा ओसाड असती तर चिंता नव्हती. पण तोडणीच्या दिवसांत फडांत काय दिसतें? बीड, जालना, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊंसतोडणीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें येतात. आई कोयता चालविते किंवा मोळी वाहते, आणि लहान मूल बांधाच्या कडेस फडक्यावर निजविलेलें असतें. तोडलेल्या फडांत झाड नसतें. दुपारच्या वेळीं सावली देणारी एकच वस्तु तेथें उभी असते आणि ती म्हणजे ट्रॉली. मूल सावलीकडे जातें, यांत त्याचा दोष तो कोणता? तोच प्रकार कारखान्याच्या गाडीतळावर. रात्रभर वजनाच्या पाळीची वाट पाहणारीं वाहनें दाटीनें उभीं असतात, दमलेला चालक ट्रॉलीच्या आडोशास घोंगडी पसरतो, आणि शेजारचा ट्रॅक्टर पाळी येतांच मागें सरतो. घरच्या अंगणांत खताची किंवा कडब्याची ट्रॉली लावतांनाही स्थिति याहून वेगळी नाहीं. तेथें तर मागें असतात तीं आपलींच नातवंडें.

ट्रॉलीस कॅमेरा लावण्याची कल्पना कांहीं नवलाची नाहीं. अमेरिकेंत मोटारीमागें चाकांवरचें घर जोडून प्रवासास जाण्याची रीत फार आहे. त्या घराच्या मागील भिंतीवर, छपराजवळ, कॅमेरा बसवितात व त्याचा पडदा मोटारींत चालकापुढें ठेवितात. मुक्कामाच्या जागीं घर मागें सारतांना तो उपयोगीं पडतोच. पण रस्त्यानें चालतांनाही मागून कोण येत आहे तें त्यावर दिसत राहतें, कारण त्या घरामुळें मोटारीचा आंतला आरसा निरुपयोगी झालेला असतो. अशीं पुष्कळशीं नवीं घरें कॅमेऱ्याची बैठक व तार आधींच बसवून विकलीं जातात.

त्याच देशांत साध्या मोटारींसाठीं या विषयावर कायदाही झाला, आणि त्याचें कारण ऐकण्यासारखें आहे. २००२ सालीं न्यूयॉर्क राज्यांत दोन वर्षांचें एक बालक घरच्याच आवारांत, मागें येणाऱ्या मोटारीखालीं सांपडून मृत्यु पावलें. मोटार त्याचा पिता चालवीत होता. पुढें त्या बालकाच्या नांवानें २००८ सालीं कायदा झाला, त्याखालील नियम २०१४ सालीं ठरला, आणि १ मे २०१८ पासून १०,००० पौंडांच्या आंतील प्रत्येक नव्या मोटारींत मागील बाजूचें दृश्य दाखविणारी योजना सक्तीची झाली. मोटारीच्या पाठीमागची १० फूट रुंद व २० फूट लांब जागा चालकास दिसली पाहिजे असें त्या नियमाचें मोजमाप आहे. मोटारी मागें घेतांना होणाऱ्या अपघातांत तेथें वर्षास सरासरी २१० माणसें मरत व १५,००० जखमी होत, असा तेथील सरकारी खात्याचा त्या वेळचा अंदाज होता. मृतांपैकीं जवळजवळ एकतृतीयांश पांच वर्षांच्या आंतील मुलें, व सुमारें एकचतुर्थांश सत्तरी गांठलेले वृद्ध. परंतु मागें ओढल्या जाणाऱ्या गाड्या त्या नियमांतून वगळलेल्या आहेत. फिरत्या घरांस तेथील लोक जे कॅमेरे लावतात ते सक्तीनें नव्हे, आपल्या समजुतीनें लावतात.

आपल्या देशांत १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींस मागील अडथळ्याची सूचना आवाजानें देणारें यंत्र सक्तीचें झालें. ट्रॅक्टर व ट्रॉली त्या नियमांत येत नाहींत. आणि तसें पाहतां आवाजाचें तें यंत्र उंसाच्या ट्रॉलीस फारसें मानवणारेंही नाहीं. मागें लोंबणारीं वाढीं त्यास अडथळाच वाटतात आणि तें अखंड ओरडत राहतें. आणि जें यंत्र नेहमीं ओरडतें त्याचें कोणी ऐकत नाहीं. यास्तव ट्रॉलीस कॅमेराच अधिक योग्य, असें आमचें मत आहे.

आतां तो बसवावा कसा, याविषयीं चार गोष्टी सांगणें अवश्य आहे. कारण निष्काळजीपणानें बसविलेला कॅमेरा पहिल्या पंधरवड्यांतच बंद पडतो आणि मग लोक कॅमेऱ्यासच नांवें ठेवतात. फिरत्या घराप्रमाणें तो उंचावर लावूं गेल्यास उंसानें झांकला जाईल. आपल्याकडे त्याची जागा साट्याच्या मागील आडव्या पट्टीखालीं, मध्यभागीं, थोडी आंत घेतलेली असावी, आणि त्यावर लोखंडी अँगलची टोपी असावी. म्हणजे कारखान्यांत क्रेननें ऊंस उचलतांना तारदोरांचा धक्का त्यास लागणार नाहीं व कोणास तो सहजासहजीं काढून नेतां येणार नाहीं. कॅमेरा पाण्यानें व धुळीनें न बिघडणारा असाच घ्यावा.

तार ओढावयाची कीं बिनतारी संच घ्यावयाचा, हा दुसरा प्रश्न. बिनतारी संच बसविण्यास सोपा खरा. पण लोखंडी साटा व ओला ऊंस यांच्या पलीकडून येणारें चित्र मध्येंच तुटतें किंवा क्षणभर उशिरां येतें, आणि मागें जातांना एका क्षणाचा उशीर हा लहान दोष नव्हे. तारेचा संच अधिक विश्वासाचा. मात्र ट्रॉलीच्या दांडीजवळ तारेस काढतां-घालतां येणारी जोडणी हवी, आणि ट्रॅक्टर पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवून तार ताणली जात नाहीं व जमिनीसही घासत नाहीं, इतकी ढिलाई ठेवावी. ट्रॉली सोडतांना जोडणी काढण्यास कोणी विसरला तर ती आपोआप सुटावी, तार तुटूं नये, अशी जात निवडावी. सुटलेल्या टोकास झांकण असावें. त्यांत पाणी शिरलें कीं चित्र गेलें असें समजावें.

वीज घेतांना ती मागच्या दिव्याच्या तारेवरून घेण्याचा मोह मिस्त्रीस होतो. तसें केल्यास दिवे बंद असतां, म्हणजे भर दिवसां, कॅमेरा आंधळाच राहील. आणि मुलें मागें असतात तीं दिवसांच. म्हणून बॅटरीपासून स्वतंत्र तार आणावी, तिला बॅटरीजवळ फ्यूज असावा, आणि परतीची तारही स्वतंत्र असावी. हुकाच्या लोखंडांतून वीज परत येईल या भरंवशावर राहूं नये. हूक म्हणजे गंज आणि ग्रीस, त्यांतून येणारी वीज लहरी असते. रिव्हर्स गियरशीं पडद्याची सांगड घालतां आली तर उत्तम. न आल्यास एक साधें बटण पुरतें. किंबहुना ट्रॅक्टर चालूं असेपर्यंत पडदाही चालूं ठेवावा, हें सर्वांत चांगलें.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. पाठीमागचा कॅमेरा आरशाप्रमाणें डावें-उजवें दाखविणारा असला पाहिजे. पुढील बाजूस लावावयाचा कॅमेरा कोणी मागें बसविल्यास पडद्यावर डावीकडचें उजवीकडे दिसतें, आणि चालक माणूस वांचविण्यासाठीं ट्रॉली वळवितो ती नेमकी त्याच्याच अंगावर. बसविल्याबरोबर ट्रॉलीच्या उजव्या चाकामागें एका माणसास उभें करावें आणि तो पडद्याच्याही उजव्या बाजूस दिसतो कीं नाहीं हें पाहावें. तसेंच पडद्यावर ज्या हिरव्या-पिवळ्या रेघा येतात त्या मोटारीसाठीं आंखलेल्या असतात. ट्रॉलीच्या बाबतींत त्या दिशाभूल करतात. त्याऐवजीं एक, दोन व तीन मीटरांवर दगड ठेवून त्यांच्या जागा पडद्याच्या कडेस रंगाच्या ठिपक्यांनीं नोंदवाव्या. आणि रोज सकाळीं रेडिएटरचें पाणी पाहतांना ओल्या फडक्यानें कॅमेऱ्याची कांच पुसावी; चिखलानें लिंपलेला कॅमेरा नसलेल्या कॅमेऱ्याहून वाईट, कारण तो असल्याच्या भरंवशावर चालक मान वळवीत नाहीं.

येथवर कॅमेऱ्याची बाजू मांडली. आतां त्याच्या मर्यादा. एक तर तो पाहतो, थांबवीत नाहीं. मागें घेण्यापूर्वीं चालकानें खालीं उतरून वाहनाभोंवतीं एक फेरी मारावी, आणि शक्य तेथें कडेस, चालकास दिसेल असा एक माणूस उभा करावा, हा जुना नियम कॅमेऱ्यानें रद्द होत नाहीं. दुसरें, दोन चाकांची ट्रॉली मागें घेतांना स्टीअरिंग उजवीकडे फिरविलें कीं ट्रॉलीची शेपटी डावीकडे जाते, आणि त्याच वेळीं ट्रॅक्टरचें तोंड बाजूस झेंपावतें. पडद्याकडेच टक लावून बसलेल्या चालकास पुढचें दिसत नाहीं. तिसरें, एकामागें एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या कॅमेऱ्यामुळें मागें घेतां येऊं लागतील असें कोणी समजूं नये. दोन ठिकाणीं मुडपणारी ती सांखळी. चार हात मागें जाते न जाते तोंच आडवी होते. तेथें मागची ट्रॉली सोडावी हेंच शहाणपण.

आणि सर्वांत मोठी मर्यादा ही, कीं कॅमेऱ्यामुळें आपणांस मागचें दिसतें. मागच्यास आपण दिसत नाहीं. रात्रीं पाहणाऱ्या कॅमेऱ्यास जे बारीक दिवे असतात त्यांचा प्रकाश मनुष्याच्या डोळ्यांस दिसणारा नसतो. २०२२ सालीं भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं असें केंद्र सरकारचा अहवाल सांगतो, आणि अपघातांच्या प्रकारांत मागून धडकण्याचा प्रकार त्यांत अग्रस्थानीं आहे. हिवाळ्याच्या रात्रीं, समोरून येणाऱ्या मोटारीच्या झोतानें डोळे दिपलेल्या मोटारसायकलस्वारास पुढें उंसाची काळी भिंत सरकत आहे हें कळावें कसें? ट्रॉलीच्या मागें दोन्ही कडांस लाल परावर्तक असलेच पाहिजेत, असें केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ पासून सांगत आहेत. पण परावर्तक साट्यास आणि त्यावर वाढ्यांचा पडदा, असें असेल तर नियम पाळला आणि माणूस मेला, असाच हिशेब होईल. ऊंस भरून झाल्यावर परावर्तक पट्ट्या शिवलेलें कापड मागील उंसावर बांधावें, मागचे दोन्ही लाल दिवे पेटतात हें पाहावें, आणि मगच वाहन रस्त्यावर काढावें. ज्याच्याजवळ पैसा एकाच गोष्टीपुरता असेल त्यानें आधीं दिवे व परावर्तक करावे आणि कॅमेरा नंतर घ्यावा, असें आम्ही स्पष्ट सांगतों.

खर्चाची सबब मात्र आम्हांस मान्य नाहीं. साधा तारेचा संच ट्रॉलीच्या एका नव्या टायरहून सहसा महाग पडत नाहीं. टायर फुटला तर आपण उसनवारी करून त्याच दिवशीं आणतों, कारण त्यावांचून खेप थांबते. पाठीमागचें न दिसल्यानें खेप थांबत नाहीं, म्हणूनच तें काम राहून जातें. "चालकानें जपून चालवावें" असें म्हणणेंही पुरेसें नाहीं. चालक पगारी असतो. त्यास ज्या वाहनावर बसवावें त्यावर तो बसतो, आणि अपघात झाल्यावर जमावाच्या तडाख्यांत प्रथम सांपडतो तोही तोच. जो खेपेचा नफा घेतो त्यानेंच त्या खेपेस डोळे द्यावे, हा न्याय आहे.

याकरितां आमच्या दोन सूचना आहेत. संघाच्या सभासदांनीं गांवोगांवच्या ट्रॉल्यांची संख्या काढून हे संच व परावर्तक कापड एकत्र खरेदी करावें, आणि एका मिस्त्रीकडून ते सर्वत्र सारख्या पद्धतीनें बसवून घ्यावे. म्हणजे एकाचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या ट्रॉलीस जोडला तरी जोडणी जुळेल. दुसरी सूचना सहकारी कारखान्यांच्या सभासदांस आहे. हंगामापूर्वीं वाहतुकीचे करार होतात व वाहनमालकांस उचल दिली जाते, त्या करारांतच मागील दिवे, परावर्तक व कॅमेरा यांची अट घालावी, आणि त्यांचा खर्च उचलींतून देऊन हप्त्यानें वळता करावा. कारखान्याचे मालक आपणच आहों. वार्षिक सभेंत हा ठराव मांडण्यास कोणाचीही परवानगी काढावी लागणार नाहीं. पुढच्या हंगामास अद्याप अवकाश आहे तोंच हें काम उरकून घ्यावें. ऊंस दरवर्षीं नवा लावतां येतो. फडाच्या कडेस निजलेलें मूल तसें नाहीं.